लाल ठिपक्यांचं साउंड कार्ड

परवा व्हिडिओवर बोलताना मीराने माझ्या मागच्या कपाटातला काळा डबा पाहिला आणि विचारलं, "आजी, त्या डब्याच्या स्क्रूंना लाल नेलपॉलिश कोणी लावलंय?" तिच्या भावाला, ईशानला, वाटलं मीच लावलं. मी आयुष्यात नेलपॉलिश वापरलेलं नाही, आणि वापरलं असतं तर नखांना लावलं असतं. उत्तर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून तुम्हा दोघांसाठी लिहायला बसले आहे.

तो डबा म्हणजे साउंड कार्ड. माइकमधला आवाज कॉम्प्युटरला समजेल असा करून देतो. त्याला चार स्क्रू आहेत आणि प्रत्येकावर, अर्धा स्क्रूवर आणि अर्धा डब्यावर येईल असा, एकेक लाल ठिपका आहे. कोणी स्क्रू फिरवला तर ठिपका तुटतो आणि चोरी कळते. हे ठिपके समोरच्या घरातल्या सुपडूआप्पांनी दिले. त्यासाठी बाजारात जाऊन त्यांनी स्वतः नेलपॉलिशची बाटली आणली होती, आणि दुकानातच बोटावर लावून, वाळेपर्यंत थांबून, मग घेतली होती.

सुपडूआप्पा मूळचे शिरपूरकडचे. इथे लिंबायतमध्ये चाळीसेक वर्षं लूमच्या खात्यांत मास्तर होते. ज्या शेडमध्ये कापड विणायचे लूम चालतात तिला इथे खातं म्हणतात, आणि मास्तर म्हणजे शिकवणारा नव्हे, बिघडलेला लूम चालू करून देणारा. अंगाने वाळके, पांढरा पायजमा, आणि हातात कायम एक हातभर लांबीचा स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चालत्या यंत्राला लावायचं, लाकडी मूठ कानाच्या भोकाशी धरायची आणि डोळे मिटायचे. यंत्राच्या पोटात काय बिनसलंय ते त्यांना ऐकू यायचं. रिटायर झाल्यावर लूम सुटले, पण स्क्रूड्रायव्हर सुटला नाही. गॅसचा सिलिंडर, माझा फ्रिज, पाण्याची मोटर, एकदा तर माझ्याच ओट्यावरचं कलिंगड, सगळ्यांना त्यांनी तो लावून पाहिलेला आहे.

"बोलू द्या आधी त्याला," असं ते म्हणत. वस्तू स्वतः बोलेपर्यंत तिच्याबद्दल दुसऱ्याने सांगितलेलं काहीही ते खरं मानत नसत. दुकानदाराचं तर नाहीच. दुधाची पिशवी फुगलेली वाटली की परत, शिलाई एका बाजूला जरा वेगळी दिसली की गव्हाचं पोतं परत. पोस्टमनने माझं पाकीट त्यांच्याकडे ठेवलं तर ते देताना सांगत, "ताई, चिकटपट्टी पहिल्यापासूनच अशी होती. मी हात लावला नाही. तुम्ही बघून घ्या." म्हणजे आपल्यावरही कोणी संशय घ्यावा, ही त्यांची अपेक्षाच होती. मी घेत नसे, याचं त्यांना थोडं आश्चर्य वाटे.

मला सुरुवातीला हे सगळं फार झालं असं वाटे. मग आमच्याकडे नवा पंखा बसवला. इलेक्ट्रिशियन पैसे घेऊन गेल्यावर आप्पा स्टुलावर चढले, स्क्रूड्रायव्हर लावला आणि खाली उतरून म्हणाले, "रंग नवा आहे, बेअरिंग जुनं." मी दुर्लक्ष केलं. पुढच्या महिन्यात पंखा घरघरायला लागला. उघडून पाहिला तर आतलं बेअरिंग गंजलेलं. तेव्हापासून मी त्यांच्या संशयाला हसणं बंद केलं.

त्यांच्या बायकोचं, विमलवहिनींचं, दुखणंसुद्धा पहिल्यांदा त्यांनाच ऐकू आलं. वहिनींचा आवाज या गल्लीत प्रसिद्ध होता. श्रावणात खानदेशातल्या घरांमध्ये कानबाई बसते. नारळाला देवीचा मुखवटा आणि दागिने चढवून तिची पूजा करतात, आणि बायका तिची गाणी म्हणतात. एकीने म्हणायचं, बाकीच्यांनी झेलायचं. लिंबायतमधल्या कितीतरी घरांत ती एकजण म्हणजे विमलवहिनी. त्यांना एक फार मोठं गाणं येत होतं, देवी माहेराहून निघते तिथपासून तिची पाठवणी होईपर्यंतचं, सगळं अहिराणीत. ते त्यांच्या आत्याकडून आलेलं. आता तेवढं पूर्ण गाणं येणारी दुसरी बाई कोणाच्या माहितीत नव्हती.

एका सकाळी आप्पा माझ्याकडे येऊन म्हणाले, "हिचा आवाज घासतोय."

मला काहीच वेगळं वाटलं नव्हतं. पहिल्या डॉक्टरने ॲलर्जी सांगितली, दुसऱ्याने खोकल्याचं औषध दिलं. आप्पांनी दोघांनाही खोटं ठरवलं आणि वहिनींना तिसऱ्याकडे नेलं. तिथे दुर्बीण घालून पाहिल्यावर स्वरयंत्रात गाठ निघाली. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणाले, पण स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला तीन आठवडे होते. त्यानंतर विमलवहिनींना आवाज असणार नव्हता.

मला वाटलं होतं, आप्पा यावरही शंका काढतील. त्यांनी काढली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, तीन आठवडे आवाज राहील ना?" डॉक्टरांचा कागद इंग्रजीत होता आणि तो वाचायला त्यांनी माझ्यापुढे धरला होता. मी सांगितलं, राहील, पण रोज थोडा कमी होईल.

ते गाणं राखून ठेवायचं, हे तिथेच ठरलं. पहिल्यांदा मोबाइलवर केलं. वहिनी म्हणाल्या, आम्ही ऐकलं. शब्द स्पष्ट होते. मला चांगलं वाटलं. आप्पांनी मोबाइल कानाला लावून पुन्हा ऐकलं आणि खाली ठेवला.

"हाई ती नही," ते म्हणाले. ही ती नाही.

"मंग कोन शे?" वहिनींनी विचारलं. "तुमनी दुसरी बायको?"

पण आप्पांचं खरं होतं. नीट ऐकल्यावर मलाही कळलं. प्रत्येक ओळीचं शेपूट कापलेलं होतं आणि आवाज कोणीतरी इस्त्री केल्यासारखा झाला होता. तुमच्या बाबांना मी फोन केला. ते म्हणाले, मोबाइल स्वतःच्या अकलेने आजूबाजूचा आवाज पुसतो आणि त्याबरोबर गाणंही थोडं पुसतो. खरा माइक आणि साउंड कार्ड घ्या. मी वहीत लिहून घेतलं. आप्पांनी वही उलटी करून पाहिली, जणू मागच्या बाजूला खरी गोष्ट लिहिलेली असेल.

रिंग रोडच्या कॉम्प्युटर बाजारात आम्ही दोघं गेलो. दुकानदार चाळिशीचा, गोड बोलणारा. एक साधा माइक आणि बोटाएवढं साउंड कार्ड पुढे करून तो गुजरातीत म्हणाला, "काका, आंख बंध करीने लई जाओ."

"डोळे मिटून घ्यायला मी काय प्रसाद घेतोय?" आप्पा म्हणाले आणि खोका माझ्याकडे दिला. "ताई, वाचा."

मी वाचलं. खोक्यावर उत्तम, स्वच्छ, नैसर्गिक असे खूप शब्द होते, पण बनवणाऱ्याचा पत्ता कुठेच नव्हता. ते मी सांगितल्यावर आप्पांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तरी घेतलं, कारण परत करायला तीन दिवस होते. माझ्या जुन्या कॉम्प्युटरला लावलं, वहिनींनी दोन ओळी म्हटल्या. आवाज इस्त्रीचा नव्हता. पण गाण्याच्या मागे एकसारखी खटखट येत होती.

"कार्ड खोटं," आप्पा म्हणाले.

आम्ही ते परत केलं. दुकानदाराने कॉम्प्युटरच्या आत बसवायचं मोठं कार्ड दिलं. आप्पांना ते मुळीच पसंत नव्हतं. "आत बसून काय करतं ते कोण बघणार?" त्यांनी कॉम्प्युटरचं झाकण उघडंच ठेवायला लावलं. या कार्डाच्या मागे पंख्याची घरघर आली आणि पुन्हा तीच खटखट.

"हेही खोटं. एकाच चोराच्या घरचे दोघं."

तेही परत गेलं. यात एक आठवडा संपला. वहिनींचा आवाज वरच्या सुरात फाटायला लागला होता. त्या कोणाला तसं सांगत नव्हत्या, पण भाजी निवडताना गुणगुणायचं त्यांनी बंद केलं. मी विचारलं तर म्हणाल्या, "वापरी वापरी संपी जाई." वापरून वापरून संपून जाईल.

मग मी तुमच्या बाबांकडून नीट यादी करून घेतली. कार्ड बाहेरचं हवं. माइकची तीन टोकांची जाड पिन त्यात बसायला हवी. आवाज कमीजास्त करायचं बटण हाताने फिरवता यायला हवं, त्याने स्वतःहून काही सुधारायला नको. आणि ते लॅपटॉपमधूनच वीज घेणारं हवं, म्हणजे भिंतीतल्या विजेची गुरगुर आत येणार नाही. लॅपटॉप तुमचे बाबा मागच्या खेपेला ठेवून गेलेच होते. यादी घेऊन मी दुकानात गेले आणि चारही प्रश्नांना हो आल्यावर हा काळा डबा आणि त्याला बसणारा माइक घेतला. घरी आणल्यावर आप्पांनी लाल ठिपके दिले. मी दुपारी झोपते तेव्हा कोणी येऊन आतलं बदलून नेईल, अशी त्यांना भीती होती. मीरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आलं.

पण सगळ्यात मोठा संशय डब्याच्या पुढच्या बाजूला होता. तिथे एक बटण आहे, त्यावर अठ्ठेचाळीस व्होल्ट लिहिलेलं आहे. तेवढी वीज तारेतून माइकला जाते आणि मगच तो चालतो. मी पुस्तिका वाचून सांगितलं की यात धोका नाही.

"गाणाऱ्या बाईच्या तोंडासमोर अठ्ठेचाळीस व्होल्ट?"

"आप्पा, विजेचा जोर फार कमी असतो. पुस्तिकेत लिहिलंय."

"लिहिणारा तिथे गायला बसणार आहे का?"

त्यांनी बटण दाबलं, माइकजवळ गेले आणि त्याची जाळी आधी बोटाने, मग ओठांनी, मग जिभेने तपासली. विमलवहिनी खुर्चीवर बसून बघत होत्या. "काय करी ऱ्हायनात तुम्ही?" त्या म्हणाल्या. "पुसी टाका आते ते. माले त्याच्यासमोर बसनं शे." आप्पांनी पायजम्याला खोचलेला रुमाल काढून माइक पुसला आणि खुर्ची त्यांच्यापुढे सरकवली.

वहिनींनी दोन ओळी म्हटल्या. मी हेडफोन लावला. आवाज तोच, घासलेला, गोड, श्वासासकट. आणि मागे खटखट.

मी इतकी चिडले की कंपनीला इंग्रजीत तक्रारीचं पत्र लिहायला घेतलं. तीन परिच्छेद झाले होते. आप्पा मात्र या वेळी कार्डाला काही बोलले नाहीत. तीनही कार्डांची खटखट एकाच चालीची होती, आणि तीन वेगळे चोर एकच चाल चालत नाहीत. त्यांनी हेडफोन पुन्हा कानाला लावला, डोळे मिटले, बराच वेळ बसले. मग उठले, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि बाहेर गेले.

तासाभराने परत आले ते दारातच उभे राहिले. "ताई, पत्र फाडा. ते कोपऱ्यावरचं खातं आहे. दारापासून तिसरा लूम. एक ठोका लंगडा टाकतो."

मी दारात जाऊन कान दिला. खरंच, गल्लीच्या कोपऱ्यावर लूम चालू होते. सकाळी सहापासून चालू असतात. भिंतीतून, फरशीतून त्यांचा आवाज आमच्या घरात येतो. मी तेवीस वर्षं या घरात राहते आहे, आणि इतक्या दिवसांत मी एकदाही ते ऐकले नव्हते.

"मीसुद्धा नाही," आप्पा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "आमच्या घरात लूम ऐकू येत नाही, ताई. तो बंद पडला की मगच कानाला कळतं. त्या दोन कार्डांनी खरं सांगितलं आणि मी त्यांना चोर ठरवलं."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच बाजारात जाऊन दुकानदाराला सांगून आले की तुझी कार्डं खरी होती. दुकानदाराला वाटलं, काका आता आणखी काहीतरी परत करायला आलेत. त्याने आधीच सांगून टाकलं की तीन दिवस होऊन गेले.

आता एकच उपाय होता. महिन्यातून एक दिवस दुरुस्तीसाठी आमच्या भागातली वीज बंद असते. त्या दिवशी सगळी खाती बंद. आमचं कार्ड लॅपटॉपवर चालणारं आणि लॅपटॉप बॅटरीवर. म्हणजे वीज नसली तरी आपलं काम होणार. तो दिवस ऑपरेशनच्या चार दिवस आधी येत होता. बॅटरी मी आदल्या दिवशी पूर्ण भरून ठेवली. सकाळी दहाला वीज गेली. आप्पांनी माझ्याकडच्या नेटच्या डब्याची वायरही काढली. वीज नसताना त्यातून गाणं बाहेर कसं जाणार, हे मी विचारलं नाही.

घर असं शांत झालं की वहिनींच्या बांगडीचा आवाज मोठा वाटला. हेडफोनमध्ये काहीही नव्हतं. आप्पांनी मान डोलावली. मी बटण दाबलं.

वहिनींनी सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, या वेळी घाईने, आणि शब्द चुकला. ते गाणं त्यांनी पन्नास वर्षं म्हटलेलं. तिसऱ्यांदा त्यांचा हात मांडीवर ठेका शोधत राहिला आणि तोंडातून काही आलंच नाही.

"घसा दुखस का?" आप्पांनी विचारलं.

"घसा नही." त्यांनी दाराकडे पाहिलं. "बठ्ठं बंद शे. आते मी कोनासंगे म्हनू?" सगळं बंद आहे, आता मी कोणाबरोबर म्हणू?

लग्न होऊन आल्यापासून त्या लूमच्या आवाजात राहिलेल्या. भाकरी थापताना, पाणी भरताना, कानबाईपुढे बसल्यावर, त्यांनी कायम त्याच ठोक्यावर म्हटलेलं होतं. तो ठोका त्यांना ऐकू येत नव्हता, पण त्याच्याशिवाय गाणंही येत नव्हतं. आम्ही तासभर प्रयत्न केला. मी शाळेत कविता शिकवताना धरत असे तसा टेबलावर ठेका धरून पाहिला. वहिनी म्हणाल्या, "ताई, तुमचा हात शाळेतला आहे." लॅपटॉपची बॅटरी निम्मी संपली आणि वहिनींचा आवाज त्याहून जास्त. आप्पांनीच कार्डाची तार काढली.

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा कोणावरही संशय न घेता बसलेलं पाहिलं. ते फार वाईट दिसत होतं. मग वीज आली. कोपऱ्यावर एकेक करून लूम सुरू झाले आणि ते मान वाकडी करून ऐकत राहिले.

"तिसरा अजून लंगडतोय," ते म्हणाले, आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन चालायला लागले.

खात्याच्या मालकाशी त्यांची जुनी ओळख होती आणि जुनं भांडणही. मालकाने विचारलं, "सुपडू, न बोलावता आलास? काय पाहिजे?" आप्पा म्हणाले, काही नाही, तुझा तिसरा लूम नीट करतो. मालकाला ते खरं वाटलं नाही. यात याचा काय डाव आहे, म्हणून तो संपूर्ण वेळ त्यांच्या शेजारी उभा राहिला. हे आप्पांनीच मला सांगितलं, आणि सांगताना पुढे म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. मी असतो तरी उभा राहिलो असतो." दोन दिवस सकाळ-संध्याकाळ ते त्या लूमखाली पडून होते. आयुष्यभर त्यांनी कापडासाठी लूम लावले. हा एक गाण्यासाठी लावला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजता वहिनी माइकपुढे बसल्या. दार मी लावायला गेले तर आप्पा म्हणाले, "उघडं राहू द्या." आतापर्यंत ज्या आवाजाला आम्ही तीन आठवडे हाकलत होतो, त्याला दार उघडून आत घेतलं. ठोका आता सरळ पडत होता. वहिनींनी डोळे मिटले आणि देवीला माहेराहून बाहेर काढलं. पस्तीस मिनिटं. वरच्या सुरात आवाज दोनदा फाटला, त्या थांबल्या नाहीत. आप्पा पूर्ण वेळ या डब्यावरच्या हिरव्या दिव्याकडे बघत होते, तो मध्येच फसवेल म्हणून. शेवटची ओळ झाल्यावर वहिनींनी माइकला हात जोडले. आप्पा म्हणाले, "ताई, लिहिलं का त्याने सगळं? बघा आधी."

ऑपरेशन नीट झालं. त्या वर्षी कानबाई झाल्यावर ती दोघं शिरपूरकडे राहायला गेली. गाण्याची एक प्रत आप्पांनी बरोबर नेली, एक माझ्याकडे ठेवली आणि तिसरी कुठे ठेवली ते मलाही सांगितलेलं नाही. डबा माझ्याकडे राहिला. "तिकडे कोणीतरी खोलून ठेवील," ते म्हणाले. जाताना त्यांनी चारही ठिपके बोट लावून तपासले.

मला ते आठवतात ते मात्र त्या कानबाईच्या रविवारचे. संध्याकाळी त्यांच्या घरात देवी मांडलेली, बायका दाटीने बसलेल्या. वहिनी पुढच्या रांगेत, गळ्याला पांढरी पट्टी. स्पीकरमधून त्यांचा आवाज आला, मागे कोपऱ्यावरच्या लूमचा ठोका. पहिल्या ओळीला बायका गोंधळल्या, कोणी स्पीकरकडे पाहिलं, कोणी वहिनींकडे. वहिनींनी मांडीवर हात आपटून त्यांना खूण केली आणि मग सगळ्यांनी ओळ झेलली.

आप्पा स्पीकरजवळ उभे होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक स्पीकरच्या लाकडाला लावलं, मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. गाणं चाललं होतं, ते ऐकत होते. मला वाटलं, आता काहीतरी खोट काढतील. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, वहिनींच्या हलणाऱ्या हाताकडे पाहिलं, आणि कोणी न विचारता म्हणाले, "तीच शे."